पेन्सिलबाईंच्या समासात

पेन्सिलबाई आज अंबाड्यात पेन्सिल न खोचता वर्गात आल्या, असं ठकीने शाळेतून आल्या आल्या सांगितलं, आणि तिच्या आईच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तसाच परत आला.

"विसरल्या असतील गं."

"विसरल्या?" ठकीने दप्तर खुर्चीवर आपटलं. "आई, त्या एकदा चष्मा विसरल्या होत्या. एकदा दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून आल्या होत्या. पण पेन्सिल? श्वास घ्यायला विसरतं का कुणी?"

आईने कप खाली ठेवला. तो शुक्रवार होता. सोमवारी शाळेच्या समितीची बैठक होती, आणि त्या बैठकीत पेन्सिलबाईंना वर्गातून काढून कार्यालयात कागद लावायला बसवायचं की नाही, हे ठरणार होतं. सगळ्या पालकांना ते माहीत होतं. एक गोष्ट मात्र एकट्या ठकीच्या आईलाच माहीत होती, आणि ती गेले अकरा दिवस तिच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकून बसली होती. गिळता येईना, ओकता येईना.

शाळेच्या हजेरीपटावर बाईंचं दुसरं नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. विज्ञान शिकवत. उंचीने बेताच्या, आवाजाने त्याहून बेताच्या. पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात आडवी खोचलेली चार बोटांची पेन्सिल. फळ्यावर हृदय काढायला लागल्या की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प होत. रक्त कुठून येतं आणि कुठे जातं हे त्या खडूने असं दाखवत, की एखाद्याला आपल्या गावची वाट दाखवावी. दरवर्षी त्या पाठांची नवी वही करत. जुन्या वहीवर भागत नाही का, असं विचारलं की म्हणत, "हृदय तेच असतं हो, पण बाकावरची मुलं नवी असतात ना."

त्या वहीची रीत अशी. डावीकडच्या पानावर निळ्या शाईत पाठ, उजवीकडे रंगीत शाईत आकृती, आणि कडेच्या समासात, अगदी फिकट पेन्सिलीने, मुलं. नावं नाहीत, नुसत्या जागा. ‘पहिला बाक, दाराकडची: डोळे बारीक करून बघते, घरी कळवणे.’ ‘चौथा बाक, मधला: घरी बाळ झाल्यापासून गप्प.’ ‘खिडकीकडची उंच: जोडाक्षरं अजून वाचता येत नाहीत. कुणाला माहीत नाही. मोठ्याने वाचायला सांगू नये. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं.’ आणि मुलाची ती अडचण सरली, की बाई खोडरबर घेऊन ती ओळ पुसून टाकत. शाई वापरत नसत त्या याचसाठी. वर्षअखेरीला समास जितका कोरा, तितकं वर्ष चांगलं गेलं, असा त्यांचा हिशेब.

हे सगळं ठकीच्या आईला तेव्हा माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की ठकी टायफॉइडने तीन आठवडे अंथरुणाला खिळली, आणि एका शनिवारी दुपारी बाई जिने चढून घरी आल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या, लिंबांच्या चित्राच्या मेणकापडावर कोपर टेकून चहा प्यायल्या आणि पिशवीतून वही काढून म्हणाल्या, "हिला बसल्या बसल्या उतरवता येईल तेवढं उतरवू दे. सोमवारी मला परत द्या. या वहीशिवाय मी म्हणजे डाव्या हाताने जेवणारं माणूस."

ठकीने चार पानं उतरवली आणि तिला ग्लानी आली. मग रविवारी आईने फोन काढला. सगळी पानं फोनमध्ये घेऊन ठेवू, म्हणजे वही वेळेवर परत जाईल. मेणकापडावर वही ठेवून तिने सेहेचाळीस पानांचे फोटो काढले. वरचं नावाचं पान सोडलं, त्यावर पाठ थोडाच होता? फोनमध्ये ‘कागद स्वच्छ करा’ असं बटण होतं, ते दाबलं. पिवळट पानं दुधासारखी पांढरी झाली आणि अक्षर ठसठशीत उठलं. तिला बरं वाटलं. फिकट पेन्सिलही ठसठशीत उठली असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. तिने पहिली दोन पानं पाहिली, ती नीट होती, म्हणून सगळी नीट.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते संध्याकाळी. परीक्षा तोंडावर आलेली, पोर अशक्त. एका संकेतस्थळावर सोडवलेल्या सराव-प्रश्नांचा संच होता. फुकट, पण अट अशी की आधी तुमच्या जवळच्या काही नोट्स तिथे द्या, मग संच उतरवून घ्या. तिच्याजवळ काय होतं? कॉलेज सोडून सोळा वर्षं झालेली. होती ती बाईंची वही. तिने ‘विद्यादान’ असं खोटं नाव घेतलं, सेहेचाळीस पानं चढवली. शेवटी एक चौकट आली: ‘हे साहित्य माझ्या स्वतःच्या मालकीचं आहे.’ तिने टिचकी मारली. चौकटीत बरोबरची खूण उमटली. संच मिळाला. ठकीने त्यातले सात प्रश्न सोडवले.

सात.

गंमत अशी, की ठकीची आई रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. पाकिटं देण्याच्या खिडकीवर. समोरच्याचं नाव विचारल्याशिवाय आणि वय दोनदा पडताळल्याशिवाय तिने कधी कुणाला रिपोर्ट दिला नव्हता. एकदा एका नवऱ्याने स्वतःच्या बायकोचा रिपोर्ट मागितला, तर म्हणाली होती, "त्यांची चिठ्ठी आणा." डॉक्टर हसून म्हणाले होते, "तुमच्या खिडकीतून वारासुद्धा ओळखपत्र दाखवून जातो." अशा बाईच्या हातून हे झालं होतं.

दोन महिने काहीच कळलं नाही. मग वर्गातल्या एकीच्या थोरल्या बहिणीने अभ्यासाला म्हणून ती पानं उतरवली. धाकटीने आकृत्या ओळखल्या. बाईंच्या हृदयाला कोण ओळखणार नाही? मग समास वाचला. दुसऱ्या दिवशी वर्गात खिडकीकडच्या उंच मुलीच्या बाकावर कुणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं: ‘जोडाक्षर’. ती मुलगी दप्तर उचलून घरी गेली, ती पुन्हा शाळेत आलीच नाही.

ठकीने हे सांगितलं त्याच संध्याकाळी आईने दार लावून घेऊन ती फाइल संकेतस्थळावरून काढून टाकली. कुणाला कळलं नाही. वाटलं, सुटलो. आणि तिथेच दुसरी चूक झाली. कारण बाईंनी त्याआधीच तिथे लेखी तक्रार केली होती, की वही माझी आहे, काढून टाका. त्यांना उत्तर आलं, की मालकाने ते स्वतःच दिलेलं आहे, तशी कबुली आमच्याकडे आहे. आणि दुसऱ्या दिवशी फाइल आपोआप गायब! समितीतल्या एका गृहस्थांनी त्यावरून अर्थ लावला: दोनशे जणांनी फाइल उतरवली की त्या ठिकाणी बक्षीस मिळतं म्हणे. बाईंनीच बक्षिसासाठी चढवली असणार, आणि बोभाटा झाल्यावर घाबरून काढली असणार. चोराच्या मनात चांदणं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, विचारलं, "वही कुणाला दिली होती?" पेन्सिलबाई म्हणाल्या, "वही माझी, अक्षर माझं, समास माझा." यापलीकडे एक शब्द नाही.

त्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर ठकीच्या आईने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भांडी पुसत होता. पुसलेलंच ताट तो पुन्हा पुसायला लागला.

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "बाई काही बोलल्या नाहीत, तू का बोलतेस? त्यांची तीनच वर्षं राहिलीत. कार्यालयात बसतील, पंखा असतो तिथे."

"मूठ माझी आहे हो. पण आत वस्तू त्यांची आहे."

"आणि ठकीचं काय? वर्गात पोरं तिला सोडतील? आणि तुझी लॅब? पाकिटं देणाऱ्या बाईनेच असं केलं म्हटल्यावर?"

त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. तीच वाक्यं तिने स्वतःला अकरा दिवस ऐकवली होती. ती बाहेरच्या खोलीत आली. तिथे ठकी प्रकल्पाच्या वहीत कावळा काढत होती. बिचारा एका पायावर उभा होता, आणि तो पायही कुठल्यातरी बगळ्याकडून मागून आणल्यासारखा होता.

"फोटो का नाही चिकटवलास?" आईने विचारलं.

"फोटो कुणी काढलाय ते सापडेना. बाईंचा नियम आहे ना, ज्याचं त्याचं नाव. चित्राखाली ते कुणाचं ते लिहायचं. नसेल सापडत तर स्वतः काढायचं, वाकडं चालेल." ठकीने कावळ्याखाली आपलं नाव लिहिलं, आणि जरा विचार करून पुढे कंसात घातलं: ‘पाय नीट जमला नाही’.

शनिवारी लॅब अर्ध्या दिवसाची. पाकिटं संपवून ठकीची आई घरी न जाता बाईंकडे गेली. इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात वाफेचा आणि गरम कापडाचा वास. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत लोखंडी ट्रंक उघडी पडलेली, तिच्यात वह्या, एका वर्षाची एक, एकतीस. आणि खिडकीपाशी जमिनीवर मांडी घालून ती उंच मुलगी बसली होती. पुस्तकावर बोट ठेवून वाचत होती. "प्र… काश… सं… श्ले…" इथे थांबली. पुन्हा मागे गेली. "प्रकाश… सं… श्ले…"

"‘षण’ तेवढं राहिलं," आतून बाईंचा आवाज आला. "एवढा डोंगर चढलीस, पायरीवर काय बसतेस?"

"षण," मुलगी म्हणाली, आणि दारात उभ्या ठकीच्या आईकडे बघून तिने पुस्तक झटकन मिटलं.

"मिटू नको गं. या ठकीच्या आई आहेत. त्यांना काय, त्या रोज डॉक्टरांचं अक्षर वाचतात, त्यापुढे तुझं पुस्तक म्हणजे मोत्याचे दाणे." बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. अंबाडा रिकामा होता. "या, आत या. ही शाळेत येत नाही, पण इथे येते. तिच्या आईने पाठवलं. शिवणकाम करते ती. मला म्हणाली, बाई, तुम्ही लिहिलंत ते वाईट नव्हतं, पण ते बाहेर गेलं. आता तुम्हीच निस्तरा. बरोबर बोलली."

आतल्या ओट्यापाशी उभं राहून ठकीची आई म्हणाली, "बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"ठाऊक आहे मला."

"नाही, तुम्हाला नाही…"

"लिंबं," बाई म्हणाल्या. "पानांच्या कडेला तुमच्या मेणकापडावरची लिंबं आली आहेत. अठराव्या पानावर तर देठासकट आहे एक. त्या लिंबावर कोपर टेकून मी चहा प्यायलेय, विसरेन कशी?"

ठकीच्या आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रडू येण्याआधी तिने काय काय बोलायचं ठरवून आणलं होतं, त्यातलं एक वाक्य सापडेना. "मग तुम्ही सांगितलं का नाहीत? मी ते काढून टाकलं म्हणून तुमच्यावर आलं सगळं. मला वाटलं, मी निस्तरतेय…"

"ते मला नव्हतं कळलं," बाई हळूच म्हणाल्या. "काढलं तुम्ही होय. मला वाटलं, देवच पावला." आणि त्या चक्क हसल्या. मग म्हणाल्या, "सांगून काय करू? ठकीला अजून दीड वर्ष याच शाळेत काढायचंय. मी तिच्या आईचं नाव घेतलं, की ती माझ्याकडे मान वर करून बघेल? वर्गात मान खाली घातलेल्या मुलाला काही शिकवता येत नाही, एवढं एकतीस वर्षांत मला कळलंय."

"पण पेन्सिल?"

बाईंनी रिकाम्या अंबाड्यावर हात फिरवला. "लिहायची भीती वाटायला लागली हो. लहानपणी मला फळा दिसत नव्हता. दोन वर्षं मला ढ म्हणत होते. कुणीतरी कुठेतरी नुसतं लिहून ठेवलं असतं ना, ‘हिला दिसत नाही’, तर चष्मा लागला असता. म्हणून मी लिहायला लागले. तर आता माझ्याच लिहिण्यापायी ही पोर बाकावरून उठली." त्यांनी ओट्यावरची वही उघडली. "मी सगळं पुसायला बसले होते काल. सगळ्या वह्या. मग म्हटलं, एकाचं तरी असं परस्पर पुसू नये, त्याच्या माणसाला दाखवून मग पुसावं. बरं झालं आलात."

वही तीच होती. बाईंचं बोट एका ओळीवर होतं. फोनमध्ये ती नक्की ठसठशीत दिसली असती, पण इथे कागद तिरपा धरावा तेव्हा कुठे वाचता येत होती.

‘दुसरा बाक, भिंतीकडची: दुखलं की हसते. हसली म्हणून सोडून देऊ नये. थांबून जवळ बसावं.’

भिंतीकडची म्हणजे ठकी.

आईने ती ओळ तीनदा वाचली. ठकी हसरी आहे असं ती जगभर सांगत आली होती. सुई टोचताना हसली, टायफॉइडमध्ये हसली, आजोबा गेले तेव्हा पाहुण्यांना पाणी देताना हसली. किती गुणी पोर, असं सगळे म्हणाले, आणि आईही म्हणाली.

बाहेर उंच मुलीने पुन्हा सुरुवात केली होती. "प्रकाश… संश्ले… षण." या वेळी थांबली नाही.

"सोमवारी तुम्हाला कार्यालयात बसवलं, तर हिला मधल्या सुट्टीत कोण घेणार?" ठकीच्या आईने विचारलं.

बाई खोडरबर इकडून तिकडे सरकवत राहिल्या.

"ठकीची ओळ पुसू नका," ती म्हणाली. "ते अजून झालेलं नाहीये."

घरी आली तेव्हा उन्हं टेबलावर आली होती. नवरा बाहेर गेलेला. ठकी लिंबांच्या मेणकापडावर वही पसरून बसली होती. आई तिच्या शेजारी बसली, आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. फोटो, खोटं नाव, सात प्रश्न, चौकटीतली खूण. फाइल काढली ते, आणि त्याने काय झालं तेही. ठकी ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या तोंडावर हसू आलं. नेहमीचं, समजूतदार, पाहुण्यांना पाणी देणारं.

"असू दे गं आई. होतं असं."

आई इतकी वर्षं या हसण्यावर विसंबून उठून जात आली होती. आज उठली नाही. खुर्ची सरकवून ती अगदी जवळ बसली आणि थांबली. हसू आधी ओठांच्या एका कोपऱ्यातून गेलं, मग दुसऱ्या. मग ठकीने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडली. "माझ्यासाठी केलंस ना? माझ्यासाठी म्हणून त्यांना… आणि ती उंच माझ्याशेजारी डबा खायची गं."

"तुझ्यासाठी नाही. माझ्या घाईसाठी. तू नुसती आजारी पडली होतीस."

मग ठकीने आईच्याच ओढणीला नाक पुसलं आणि विचारलं, "वर्गात मला बोलतील?"

"बोलतील. खोटं कशाला सांगू?"

"काय बोलतील?"

"ते ठाऊक नाही. पण घरी येऊन मला सांगायचं. हसत नाही सांगायचं."

ठकीने मान हलवली. मग समोरचा कावळा तिने जरा पुढे सरकवला, त्याच्याखालच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ज्याचं त्याचं नाव, आई."

प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावर मोठ्या बाईंचा नंबर होता. ठकीच्या आईने आधी चष्मा लावला. मग फोनमध्ये संकेतस्थळाकडून आलेली ती दोन पत्रं शोधून ठेवली, जी तिने अकरा दिवस पुन्हा उघडली नव्हती: एक फाइल मिळाल्याचं, एक काढून टाकल्याचं. दोन्हीवर तारीख होती. सोमवारी बैठकीत पुराव्याला एवढी पुरे होती. लॅबमध्ये काय सांगायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. नवरा येईपर्यंत थांबावं, असं एकदा मनात आलं. थांबलं तर तो काही वाईट सांगणार नाही, शहाणपणाचंच सांगेल, हेही कळत होतं.

तिने एकेक आकडा मोठ्याने वाचला, ठकीने तो दाबला.

"वाजतोय," ठकी म्हणाली, आणि फोन आईच्या हातात दिला.